दोन सेंटिमीटर कमी

गल्लीत त्याला सगळे ‘साहेब’ म्हणायचे. तो अजून साहेब झालेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. तुरुंगाधिकाऱ्याच्या परीक्षेचा पहिला फॉर्म भरला त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं “या साहेब, बसा” म्हणून खुर्ची झटकली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं वर्षांमागून वर्षं गेली तरी साहेबाचं तुरुंगात काही पाऊल पडेना. आत्या म्हणायची, “लोकांना तुरुंगातून बाहेर पडता येत नाही, आणि आमच्या या दिवट्याला आत जाता येत नाही.” आत्याला भाच्याच्या भवितव्याची फार काळजी. दर रविवारी येऊन, दोन कप चहा घेऊन ती काळजी करून जायची.

परीक्षेचे दोन भाग. आधी लेखी, आणि लेखीत जो तरेल त्याला मैदानावर बोलावणं. मैदानावर उंची, छाती आणि धावणं. छाती न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर हवी आणि फुगवून पाच जास्त. कैदी अधिकाऱ्याची छाती मोजून मग पळायचं की नाही ते ठरवतात की काय, कोण जाणे! पण नियम म्हणजे नियम. आणखी एक नियम होता तो वयाचा. तिशी ओलांडली की फॉर्म घेत नाहीत.

पहिल्या खेपेला साहेब सव्वीस वर्षांचा होता आणि नुसता अभ्यास करत होता. व्यायाम म्हणजे काय तर पाणी भरायला दोन मजले चढणं-उतरणं. पण लेखीत पठ्ठ्या असा चमकला की हजारो पोरांत पहिल्या पन्नासात नाव. क्लासच्या सरांनी त्याचा फोटो फलकावर लावला. घरात आईनं तो निकाल तीनदा वाचून घेतला. मग मैदानाच्या आदल्या रविवारी बाबा म्हणाले, “ये इकडं, शर्ट काढ. छाती बघू.”

बाबा म्हणजे शिंपी. बाजारात ‘मास्टर’ या नावानं ओळखायचे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा आणि गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा. गळ्यात एक पिवळी मेणकापडाची टेप. दुकान उघडलं त्या दिवशी त्यांच्या उस्तादानं दिलेली. सव्वीस वर्षं तीच. जिथं आकडे पुसले होते तिथं मास्टरांनी पेनानं पुन्हा गिरवले होते. माप घेताना टेप जरा ओढून धरायची त्यांची सवय. ढिलं माप त्यांना खपायचं नाही. आणि काय सांगावं, सव्वीस वर्षांत एक शर्ट ढगळ झाला किंवा एक पँट आवळली अशी तक्रार नाही. “माणूस खोटं बोलेल, माझी टेप बोलणार नाही,” असं ते छाती ठोकून सांगत, आणि सगळा बाजार माना डोलवत असे.

त्यांचं भांडण असायचं ते फक्त कापडवाल्यांशी. सव्वादोन मीटर कापड आणलं की मास्टर आधी ते मोजून घेत, आणि दरवेळी सहा-सात सेंटिमीटर कमी! “मापात चोरी करतात लेकाचे,” म्हणत ते तणतणत जायचे. बाजारात कापडवाले तीन, आणि तिघांशीही मास्टरांचं याच कारणावरून वाजलेलं होतं.

तर त्या रविवारी मास्टरांनी लेकाच्या छातीभोवती टेप गुंडाळली, दोनदा पाहिली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिली.

“सत्त्याहत्तर.”

“नीट बघा ना बाबा.”

“नीटच बघतोय. दोन कमी.” मास्टरांचा चेहरा एवढासा झाला. थोड्या वेळानं ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “जाऊ नकोस तू. तिथं चारचौघांत उघडं उभं करतात आणि नापास म्हणून ओरडून सांगतात. उगाच हसं करून घ्यायचं. पुढच्या वर्षी छाती भरून जा.”

बापाला लेकाची लाज वाचवायची होती, दुसरं काही नाही. साहेब मैदानावर गेलाच नाही. आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं जिम लावली.

आता ही जिम कुठं असावी? क्लासच्या बरोब्बर खाली. एकाच इमारतीत तळमजल्यावर लोखंड आणि पहिल्या मजल्यावर राज्यघटना. वर सर नागरिकांचे मूलभूत हक्क समजावून सांगत असले की खाली कुणीतरी शंभर किलोचा बार जमिनीवर टाकायचा आणि फळ्यावरचा खडू उडी मारायचा. मग सर बूट आपटून निषेध नोंदवायचे, आणि खालून कोच ओरडायचा, “वर काय व्यायाम चाललाय रे!”

या दोघांचं एकमेकांबद्दलचं मत साहेबाला रोज ऐकावं लागे. सर म्हणायचे, “शरीराचं काय एवढं? महिनाभर धावलं की झालं. मेंदू एका महिन्यात होत नसतो.” कोच म्हणायचा, “पुस्तकाचं काय एवढं? आदल्या दिवशी वाचलं तरी चालतं. छाती आदल्या दिवशी येते काय?” दोघांचंही स्वतःचं काम आयुष्यभराचं आणि दुसऱ्याचं काम पंधरा मिनिटांचं. सर दहा वर्षांपूर्वी हीच परीक्षा तीनदा नापास झाले होते, आणि कोच मैदानावर गेला होता तो फक्त झेंडे लावायला. पण सल्ला देणाऱ्याला असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

साहेबानं दोघांचंही ऐकायचं ठरवलं, आणि इथंच घोळ झाला. त्यानं दोन दिवस खपून चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक केलं. इतकं सुरेख वेळापत्रक झालं की ते करण्यात गेलेले दोन दिवस भरून काढायला आणखी एक वेळापत्रक करावं लागलं. त्यात ठरलं असं, की छातीच्या दिवशी इतिहास, पाठीच्या दिवशी भूगोल आणि पायांच्या दिवशी गणित. प्रत्यक्षात काय व्हायचं? पायांचा व्यायाम झाल्यावर पहिल्या मजल्यावर जायच्या वीस पायऱ्या साहेबाला चढवत नसत. कठड्याला धरून एकेक पायरी चढत तो वर पोहोचेपर्यंत गणिताचा तास संपून सर पाणी प्यायला बसलेले असायचे.

वर पोहोचला की तो झोपायचा. डोळे उघडे ठेवून, पेन हातात धरून झोपण्याची विद्या त्यानं तिथं कमावली. आणि खाली गेला की त्याला अभ्यासाची आठवण यायची. धावायच्या मशीनवर तो पुस्तक उघडून ठेवी. घामानं भूगोलाचं पुस्तक असं भिजलं की नद्यांचं पान पर्वतांच्या पानाला चिकटलं आणि एक नदी कायमची डोंगरात गेली. पुढं परीक्षेत नेमकी तीच विचारली!

एकदा त्यानं आणखी शक्कल लढवली. बार उचलताना एक-दोन-तीन मोजण्याऐवजी तो राज्यघटनेची कलमं मोजू लागला. कलम चौदा, वर. कलम पंधरा, वर. कलम एकोणिसाला त्याला शंका आली की सहा स्वातंत्र्यांतलं पाचवं कुठलं. विचार करण्यात बार छातीवर टेकला तो टेकलाच. कोचनं धावत येऊन उचलला. “काय रे, श्वास घ्यायचा विसरलास काय?”

“नाही,” साहेब खाली पडल्या पडल्या म्हणाला, “निवासाचं स्वातंत्र्य.”

घरी आईचे हाल वेगळेच. सकाळी सहा उकडलेली अंडी, संध्याकाळी चार. “पोर शिकतंय की पहिलवान होतंय, ते एकदा सांगा म्हणजे मी तसं रांधते,” म्हणून ती टरफलं काढत बसे. आणि आत्या रविवारी दंडाला चिमटा काढून बघायची. “दंड वाढलाय. डोक्याचा घेर मात्र तेवढाच दिसतोय हं.”

वर्ष गेलं. परीक्षेच्या आधी एकदा कोचनं हौसेनं छाती मोजली. “एक्क्याऐंशी! जा, जिंकलास!” साहेब पळतच दुकानात गेला. मास्टरांनी हातातलं काम ठेवलं, टेप लावली आणि खो खो हसले. “साडेअठ्ठ्याहत्तर. अरे वेड्या, जिमवाले दोन सेंटिमीटर वाढवूनच सांगतात. नाहीतर गिऱ्हाईक टिकेल कसं?” साहेबालाही ते पटलं. एका बाजूला सत्तावीस वर्षं एक तक्रार नसलेली बापाची टेप, आणि दुसऱ्या बाजूला गोड बोलणारा कोच. कुणावर विश्वास ठेवायचा, यात विचार करण्यासारखं होतंच काय? त्यानं जिमचा एक तास वाढवला.

लेखीत चार गुणांनी आपटला. त्याच्या पुढच्या वर्षी टेपवर छाती एक्क्याऐंशी झाली, तेव्हा मास्टर म्हणाले, “सरकारी टेप आणखी कडक असते. दोन-चार सेंटिमीटर हाताशी असू देत.” हाताशी चार सेंटिमीटर ठेवण्याच्या नादात लेखी तीन गुणांनी गेली. सरांनी फलकावरचा फोटो काढला. साहेब वजनानं सोळा किलो वाढला होता आणि अकलेनं, त्याच्याच शब्दांत, “होता तिथंच.”

आणि मग वय वर्षं एकोणतीस. शेवटची खेप. पुढच्या परीक्षेपर्यंत तिशी उलटणार आणि मग ‘साहेब’ ही थट्टाच जन्मभर उरणार, हे त्यालाही कळत होतं आणि घरालाही. ती भीती मात्र कुणी बोलून दाखवत नसे. आत्यासुद्धा रविवारी येऊन नुसताच चहा पिऊन जाऊ लागली.

त्या वर्षी त्यानं वेळापत्रक केलं नाही. सकाळी एक तास लोखंड, मग दिवसभर पुस्तक. कोचनं तोंड वाकडं केलं आणि सरांनी मान हलवली. म्हणजे प्रमाण बरोबर जमलं असावं. लेखीचा निकाल लागला तेव्हा यादीच्या शेवटून सहावा नंबर साहेबाचा. शेवटून का होईना, यादीत होता! आई रडली. मास्टरांनी टेप काढली. त्र्याऐंशी. “बिनधास्त जा,” ते म्हणाले.

मैदानावर सकाळी सातला उघड्या पोरांची रांग लागली होती. टेबलाशी एक कारकून लिहायला आणि एक शिपाई मोजायला. उंची मोजायच्या खांबावरच्या लोखंडी पट्टीशी तो शिपाई आपली टेप ताडून घेत होता. साहेबाचा नंबर आला. शिपायानं टेप लावली.

“साडेपंच्याऐंशी. फुगव. एक्क्याण्णव. पुढं.”

साहेब जागचा हलला नाही. “तुमचं काहीतरी चुकतंय. त्र्याऐंशी आहे माझी.”

कारकुनानं पेन खाली ठेवलं. “वीस वर्षं इथं बसतोय. कमी भरली, पुन्हा मोजा म्हणणारे रोज येतात. जास्त भरली म्हणून तक्रार करणारा तू पहिलाच बाबा.” तरी शिपायानं पुन्हा मोजली. साडेपंच्याऐंशीच.

धावण्यात साहेब धापा टाकत का होईना वेळेत पोहोचला आणि पास झाला. आनंदानं नाचायचं सोडून घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात ते अडीच सेंटिमीटर वळवळत होते. घरी आला तेव्हा मास्टर जेवून पडले होते आणि टेप खुंटीवर होती. साहेबानं फूटपट्टी काढली आणि टेपवर ठेवली. पट्टीवर तीस झाले तेव्हा टेपवर एकोणतिसाच्या जरा पुढं. त्यानं दुसरी पट्टी आणली. तरी तेच. टेप ताणली गेली होती. ओढून ओढून, कुणाच्या लक्षातही न येता, सुतासुतानं लांबली होती.

मग शर्ट कसे बसायचे सगळ्यांना? तो डोकं धरून बसला आणि त्याला उलगडलं. माणूस याच टेपनं मोजायचा आणि कापडही याच टेपनं कापायचं. जेवढं माणसाचं माप कमी निघायचं तेवढंच कापड जास्त कापलं जायचं. चूक चुकीला मिळून हिशेब चोख! बिचारे कापडवाले इतकी वर्षं चोर ठरले ते उगीच. या टेपनं मोजलेली पण त्या मापाचं काही न शिवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे साहेबाची छाती.

सत्त्याहत्तर म्हणजे एकोणऐंशीच्या वर. त्या पहिल्या वर्षी, पहिल्या पन्नासात नाव असताना, काही न करता तो पास होता.

तेवढ्यात मास्टर उठून आले. “काय रे, झालं का? किती भरली?”

साहेबानं बापाकडं पाहिलं. खरा आकडा सांगितला तर हा माणूस उभ्या उभ्या सगळा हिशेब करणार. आयुष्यभर आकडेच केलेत त्यानं. तीन वर्षं कुणी घालवली ते त्याला विचारावंही लागणार नाही.

“त्र्याऐंशी,” साहेब म्हणाला. “पास.”

“म्हटलं नव्हतं!” मास्टरांनी मांडीवर थाप मारली. “सरकारी टेप आणि माझी टेप, एका सुताचा फरक नाही!” आणि लेकाला मिठी मारून ते लहान पोरासारखे रडले. साहेबही रडला. दोघांची कारणं वेगळी होती, एवढंच.

पुढं प्रशिक्षण झालं, नेमणूक झाली. गणवेश अर्थातच मास्टरांनी शिवला आणि तो अंगावर असा बसला की अधीक्षकांनी शिंप्याचा पत्ता मागून घेतला. सहा महिन्यांनी साहेब पहिल्यांदा रजेवर आला तो तडक दुकानात गेला.

दुकानात औषधांच्या दुकानातला विक्रेता दोन्ही हात वर करून उघडा उभा होता. एकोणतीस वर्षांचा, शिडशिडीत. दिवसभर काउंटरवर उभं राहून त्यानं लेखी काढली होती. साहेबाच्या निवडीनंतर बाजारातला जो तो उमेदवार मैदानाआधी मास्टरांकडं छाती मोजून घ्यायला येऊ लागला होता. मास्टरही मोठ्या मायेनं मोजून देत.

“पावणेदोन कमी,” मास्टर सांगत होते. “सोमवारी जाऊ नकोस तू. उगाच चारचौघांत हसं होतं. आमचासुद्धा थांबला होता एक वर्ष. मग बघ कसा गेला!”

विक्रेत्यानं हात खाली घेतले. “पण माझं पुढच्या वर्षी वय उलटतं, मास्टर,” तो शर्ट चढवत म्हणाला. “जाऊ दे. नशिबात नसेल.”

साहेब दारातच थांबला. बापाचा तो समाधानी चेहरा, गळ्यातली टेप, पाठमोरा शर्टाची बटणं लावणारा तो माणूस. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला. आणखी किती जणांना बाबांनी या सहा महिन्यांत असं मायेनं परत पाठवलं असेल?

“बाबा,” तो म्हणाला, “मैदानावर माझी त्र्याऐंशी नव्हती भरली. साडेपंच्याऐंशी भरली होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

मास्टर हसायला गेले. मग हसू तसंच ठेवून त्यांनी टेपकडं पाहिलं. एक टोक मुठीत धरून ती ओढून पाहिली. ओठ हलत होते. अडीच इथं, तर सत्त्याहत्तरला किती? मोजून झालं तसे ओठ थांबले.

“म्हणजे त्या वर्षी...”

“हो.”

 मग मास्टर विक्रेत्यावर एकदम खेकसले, “तू काय बघतोस उभा? सोमवारी जा! पहिल्या नंबरला जाऊन उभा राहा! तुझी छाती भरते, मी सांगतो!” तो घाबरून, अर्धी बटणं तशीच ठेवून निघून गेला.

मास्टर मशीनपाशी स्टुलावर बसले. गळ्यातली टेप त्यांनी काढली नाही. “त्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही इतके खूश होता, बाबा.”

“मी खूश होतो,” मास्टर म्हणाले.  “आणि मोजून परत पाठवलेत मी, सहा महिन्यांत. अकरा जण. एकूणएक नावं सांगतो, लिहून घे. बघ त्यांतल्या कुणाकुणाचं वय अजून शिल्लक आहे ते.”

साहेबानं खिशातून पेन काढलं.